चेहऱ्याचा डिस्टोनिया आणि डीप ब्रेन स्टिम्युलेशन : सांगलीहून या वाटेला लागणाऱ्यांसाठी

माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या आक्काला, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मार्केट यार्डातून घरी येताना रस्ता ओलांडता येईनासा झाला. दृष्टी शाबूत होती, पण उन्हात पाऊल टाकले की पापण्या घट्ट मिटत आणि बोटांनी उचलल्याशिवाय उघडत नसत. पुढे वर्षभरात जबडाही तिला न विचारता उघडू-मिटू लागला. डोळ्यांचे, दातांचे, कान-नाक-घशाचे असे सगळे दवाखाने करून झाल्यावर चौथ्या वर्षी आजाराचे नाव कळले आणि सातव्या वर्षी तिच्या मेंदूत दोन तारा बसवल्या गेल्या. याच उपचाराला डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात. या काळात आम्हाला जे तुकड्यातुकड्याने समजले, ते नव्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना एका जागी मिळावे म्हणून हा लेख लिहीत आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे येथे दिलेली माहिती डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारता यावेत एवढ्यासाठीच वापरावी. औषध सुरू किंवा बंद करण्यासाठी नव्हे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण ती आम्हाला कोणी वेळेवर सांगितली नाही. शस्त्रक्रिया हा या उपचारातला सर्वांत छोटा भाग आहे. ती एका दिवसात उरकते. त्यानंतर यंत्र माणसाला जुळवून घेण्याचे काम सहा महिने, कधी वर्षभर चालते आणि त्यासाठी पुन्हापुन्हा त्याच केंद्रात जावे लागते. सांगली, मिरज, तासगाव, जत अशा ठिकाणाहून निघणाऱ्या माणसाने केंद्र निवडताना, खर्चाचा अंदाज बांधताना आणि घरातली कामे वाटून घेताना हाच हिशेब समोर ठेवावा.

पहिली पायरी : आजाराचे नाव पक्के करणे

डिस्टोनिया म्हणजे स्नायूंचे आपल्या इच्छेविरुद्ध होणारे आकुंचन, ज्यामुळे शरीराचा तो भाग पिळवटतो, ताठरतो किंवा तीच तीच हालचाल करत राहतो. डोळ्यांभोवतीच्या स्नायूंत असे झाले तर त्याला ब्लेफरोस्पाझम म्हणतात. जबडा, ओठ आणि जीभ यांत झाले तर ओरोमँडिब्युलर डिस्टोनिया. दोन्ही एकत्र आले की त्याला मेज सिंड्रोम हे नाव आहे. आंरी मेज या फ्रेंच न्यूरोलॉजिस्टने १९१० मध्ये असे रुग्ण वर्णन केले, तर ‘डिस्टोनिया’ हा शब्द हेरमान ओपेनहाइम याने १९११ मध्ये वापरात आणला. मेज सिंड्रोम साधारणपणे चाळिशी ते सत्तरीच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त दिसतो.

नाव कळायला एवढा उशीर का होतो, हे समजून घेतले तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो. सुरुवातीला डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते, उजेड सहन होत नाही, उघडझाप वाढते. त्यामुळे रुग्ण नेत्रतज्ज्ञांकडे जातो आणि कोरड्या डोळ्यांचे थेंब घेऊन परततो. आक्काने दोन वर्षे थेंब घातले. जबड्यापासून सुरुवात झाली तर दंतवैद्यांकडे जाणे होते आणि चांगले दात काढले जातात किंवा कवळी तीन वेळा बदलली जाते. आपल्या भागात आणखी एक गोंधळ होतो. गुटखा, मावा किंवा मशेरीची सवय असलेल्या माणसाचे तोंड उघडेना झाले तर ते गालाच्या आतली त्वचा कडक झाल्यामुळे असू शकते, आणि तो पूर्णपणे वेगळा, कर्करोगाकडे झुकणारा आजार आहे. त्याची तपासणी आधी झालीच पाहिजे. फरक असा, की त्या आजारात तोंड झोपेतही उघडत नाही. डिस्टोनियातली ओढ झोप लागली की बहुधा थांबते.

याच खुणेने आणखी एक आजार वेगळा काढता येतो. हेमिफेशिअल स्पाझममध्ये चेहऱ्याची एकच बाजू उडते आणि ती झोपेतही उडत राहू शकते. त्याचे कारण बहुतेक वेळा मेंदूच्या तळाशी चेहऱ्याच्या नसेवर रक्तवाहिनी घासणे हे असते. त्यावर बोटॉक्स किंवा ती रक्तवाहिनी नसेपासून दूर करण्याची शस्त्रक्रिया हे उपाय आहेत, डीप ब्रेन स्टिम्युलेशन नव्हे. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ केवळ ‘चेहरा उडतो’ एवढ्या साम्यावर थेट मेंदूच्या शस्त्रक्रियेची चौकशी करत होते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

तिसरी शक्यता औषधांची आहे आणि ती शोधण्याचे काम घरच्यांनीच करावे. मानसिक आजारांवरची काही औषधे, उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड, तसेच पित्ताच्या कॅप्सूलमध्ये रॅबेप्रॅझोलसोबत मिसळलेले लेव्होसल्पिराइड ही मेंदूतल्या डोपामिनची क्रिया अडवतात आणि दीर्घकाळ घेतल्यास चेहऱ्याच्या अशा हालचाली सुरू करू शकतात. त्याला टार्डिव्ह डिस्टोनिया म्हणतात. आपल्याकडे पित्ताची कॅप्सूल औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षे आणली जाते आणि डॉक्टरांनी ‘कोणती औषधे चालू आहेत’ असे विचारल्यावर तिचे नाव कोणाला आठवतही नाही. घरातला औषधांचा डबा जसाच्या तसा पिशवीत घालून न्यावा. मात्र मानसोपचाराची गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. ते काम मानसोपचारतज्ज्ञ आणि न्यूरोलॉजिस्ट यांनी मिळून करायचे असते.

डिस्टोनियाचे निदान मुख्यतः पाहून होते. मेंदूचा एमआरआय बहुतेक वेळा स्वच्छ येतो आणि तेथेच ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे मनाचे आहे’ असा निष्कर्ष निघतो. तो चुकीचा आहे. एमआरआय करतात तो दुसरी कारणे बाजूला काढण्यासाठी. तरुण रुग्णात तांब्याच्या चयापचयाचा विल्सन आजार तपासतात तोही त्यासाठीच. शिवाय हा आजार तपासणीच्या खोलीत लपतो. डॉक्टरांसमोर बोलताना, गाताना किंवा लक्ष दुसरीकडे असताना पापण्या चक्क उघड्या राहतात. म्हणून घरच्यांनी मोबाइलवर छोटे व्हिडिओ घेऊन ठेवावेत : उन्हात चालताना, वाचताना, टीव्ही पाहताना, जेवताना, आणि एक स्वस्थ झोपेत असताना. आक्काचे निदान शेवटी तीस सेकंदांच्या अशाच एका व्हिडिओवरून झाले.

आणखी एक खूण म्हणजे रुग्णाने स्वतःच शोधलेली युक्ती. हनुवटीला बोट लावले, भुवईवर हात टेकला, तोंडात वेलदोडा धरला किंवा गुणगुणले की ओढ कमी होते. आक्का सारखी लवंग चघळते म्हणून घरात चेष्टा होत असे. ती सवय नव्हती, ती आजाराची खूण होती, हे आम्हाला फार उशिरा कळले. अशी युक्ती असेल तर ती संकोच न करता डॉक्टरांना दाखवावी.

दुसरी पायरी : आधीचे उपचार प्रामाणिकपणे पूर्ण करणे

डीप ब्रेन स्टिम्युलेशन हा पहिला उपचार नाही. चेहऱ्याच्या डिस्टोनियात पहिला मान बोट्युलिनम टॉक्सिनचा, म्हणजे बोलीभाषेतल्या बोटॉक्सच्या इंजेक्शनचा आहे. ब्लेफरोस्पाझमसाठी त्याला अमेरिकेत १९८९ मध्ये मान्यता मिळाली. अगदी थोडे औषध ठरावीक स्नायूंत टोचतात. काही दिवसांत परिणाम दिसू लागतो आणि साधारण तीन महिने टिकतो, मग पुन्हा टोचावे लागते. पापणी जड होऊन खाली येणे, दोन प्रतिमा दिसणे, डोळा कोरडा पडणे, आणि जबड्यात टोचले असल्यास गिळायला त्रास होणे हे दुष्परिणाम होऊ शकतात, पण ते काही आठवड्यांत ओसरतात.

येथे माझे मत स्पष्ट सांगतो. एकदा टोचले, फरक पडला नाही, म्हणून ‘बोटॉक्स लागू पडत नाही’ असे ठरवणे घाईचे आहे. मात्रा, टोचण्याच्या जागा आणि टोचणाऱ्याचा हात यांवर फार अवलंबून असते. पापणीच्या अगदी कडेजवळ टोचल्याने काही रुग्णांना फायदा होतो, जो आधीच्या जागी टोचून झालेला नसतो. हालचालींच्या आजारांचा अनुभव असलेल्या न्यूरोलॉजिस्टकडून तीन-चार फेऱ्या नीट होऊ द्याव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर कोणत्या दिवशी आराम सुरू झाला, किती टिकला, हे वहीत लिहावे. ही वहीच पुढे शस्त्रक्रियेचा निर्णय करते.

गोळ्यांमध्ये ट्रायहेक्सिफेनिडिल, क्लोनाझेपाम, बॅक्लोफेन ही नावे ऐकू येतील. वयस्क माणसात ट्रायहेक्सिफेनिडिलने तोंड कोरडे पडणे, लघवी अडणे आणि विसराळूपणा वाढणे हे घडू शकते, तेव्हा घरच्यांनी लक्ष ठेवावे. उजेडाचा त्रास कमी करण्यासाठी गुलाबीसर छटेचा चष्मा काहींना उपयोगी पडतो. आणि डोळे असे मिटत असतील तोवर दुचाकी चालवू नये. हे सांगताना वाईट वाटते, कारण खेड्यात दुचाकी म्हणजे पाय असतात, पण त्यावर दुसरा तोडगा नाही.

तिसरी पायरी : ही शस्त्रक्रिया नेमके काय करते, ते समजून घेणे

मेंदूच्या खोल भागात बेसल गँग्लिया नावाच्या पेशींच्या गाठी आहेत. कोणती हालचाल होऊ द्यायची आणि कोणती रोखायची, याची वाटणी तेथे होते. उसाला पाणी देताना पाटकरी एका सरीचे तोंड उघडतो आणि बाकीची मातीने बंद ठेवतो, तसे हे काम आहे. डिस्टोनियात ही तोंडे नीट बंद राहत नाहीत. पापणी उघडायची असताना पापणी मिटणाऱ्या स्नायूंकडेही पाणी फुटते. या गाठींमधून बाहेर जाणाऱ्या संदेशांचा मुख्य दरवाजा म्हणजे ग्लोबस पॅलिडसचा आतला भाग, ज्याला डॉक्टर थोडक्यात ‘जीपीआय’ म्हणतात. डिस्टोनियात तेथे एक मंद, चुकीची लय सुरू झालेली आढळते. त्या जागी बारीक तार ठेवून दर सेकंदाला सुमारे १३० वेळा सौम्य विद्युत्स्पंद दिले की ती चुकीची लय मोडते. काही केंद्रे सबथॅलॅमिक न्यूक्लियस ही शेजारची जागाही निवडतात.

यंत्राचे तीन भाग असतात. मेंदूत जाणारी, दीड मिलिमीटरहूनही बारीक तार, जिच्या टोकाला चार किंवा त्याहून अधिक विद्युत्संपर्क असतात. कानामागून मानेच्या त्वचेखालून उतरणारी जोडतार. आणि गळ्याच्या हाडाखाली छातीत बसवलेली बॅटरीची डबी, जी हृदयाच्या पेसमेकरसारखी दिसते. चेहऱ्याचा त्रास दोन्ही बाजूंना असल्यामुळे तारा बहुधा दोन्ही बाजूंना बसवतात. मेंदूचा कोणताही भाग काढला किंवा जाळला जात नाही. यंत्र बंद करता येते आणि वेळ आल्यास काढताही येते. कुटुंबाची भीती कमी करायची असेल तर ही गोष्ट आधी सांगावी.

ही पद्धत फ्रान्समधल्या ग्रेनोब्ल येथे आलिम-लुई बेनाबिद आणि पिएर पोलाक यांनी १९८७ मध्ये कंपासाठी वापरायला सुरुवात केली. डिस्टोनियासाठी अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००३ मध्ये मर्यादित स्वरूपाची परवानगी दिली. त्यात संपूर्ण शरीराचा, शेजारशेजारच्या भागांचा, अर्ध्या अंगाचा आणि मानेचा डिस्टोनिया यांची नावे आहेत. केवळ चेहऱ्याच्या डिस्टोनियाचा स्वतंत्र उल्लेख त्यात नाही. म्हणजेच मेज सिंड्रोमबाबतचा बराचसा पुरावा वेगवेगळ्या केंद्रांतल्या छोट्या गटांच्या अनुभवातून आलेला आहे. तो अनुभव आशादायक आहे, अनेक गटांत त्रासाचे गुण सरासरी निम्म्याहून अधिक उतरलेले दिसतात. पण सरासरी म्हणजे आपले माणूस नव्हे. साधारणतः पापण्या आणि जबडा यांत सुधारणा चांगली होते, बोलणे आणि गिळणे यांची तितकी खात्री देता येत नाही.

सुधारणा मोजण्यासाठी बर्क-फान-मार्सडेन नावाची श्रेणी वापरतात, जिचा हालचालींचा भाग १२० गुणांचा असतो. त्यात डोळे, तोंड आणि मान यांच्या गुणांना निम्मेच वजन आहे, म्हणून डोळ्यांना जास्तीत जास्त ८ आणि तोंडाला ८ गुण मिळतात. चेहऱ्याने हैराण झालेल्या माणसाचा आकडा त्यामुळे कागदावर लहान दिसतो. विमा कंपनीला किंवा मदत देणाऱ्या संस्थेला कागद दाखवताना ही गोष्ट डॉक्टरांकडून पत्रात लिहून घ्यावी.

चौथी पायरी : आपण पात्र आहोत का

बोटॉक्स आणि गोळ्या नीट वापरूनही जगणे अडले आहे, म्हणजे एकटे बाहेर पडता येत नाही, जेवता येत नाही, वजन उतरते आहे, काम सुटले आहे, अशा रुग्णाचा विचार होतो. स्मरणशक्ती बरीच ढासळलेली असणे, उपचार न झालेले तीव्र नैराश्य, रक्त न गोठण्याचा दोष, किंवा पुन्हापुन्हा केंद्रात येणे शक्य नसणे ही नकाराची कारणे असतात. शेवटचे कारण वाचून आश्चर्य वाटेल, पण चांगले केंद्र ते विचारतेच.

मानसशास्त्रीय तपासणीला ‘आम्हाला वेडे समजतात का’ म्हणून नकार देऊ नये. वर्षानुवर्षे चेहरा लपवून जगणाऱ्या माणसात नैराश्य येते, लग्नकार्याला जाणे बंद होते, फोटो काढून घेणे बंद होते. ते आधी ओळखून उपचार केले तर शस्त्रक्रियेनंतरचे महिने सोपे जातात. टार्डिव्ह डिस्टोनियाच्या रुग्णांनाही या शस्त्रक्रियेचा चांगला उपयोग झाल्याचे अनुभव आहेत, त्यामुळे मानसोपचार चालू आहेत म्हणून आपण अपात्रच असे समजू नये.

पाचवी पायरी : केंद्र आणि पैसा

मिरज हे वैद्यकीय गाव आहे. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय सुरू केले तेव्हापासून कर्नाटकातलेही रुग्ण तेथे येत आले आहेत. प्राथमिक निदान, एमआरआय, रक्ततपासण्या, मधुमेह-रक्तदाब आटोक्यात आणणे आणि नंतरची जखमेची देखभाल या गोष्टी सांगली-मिरजेत व्हाव्यात. शस्त्रक्रियेसाठी मात्र जेथे न्यूरोलॉजिस्ट, न्यूरोसर्जन, मानसशास्त्रज्ञ आणि प्रोग्रामिंग करणारा तज्ज्ञ एकाच छताखाली नियमित हे काम करतात, अशा पुण्या-मुंबईच्या केंद्रात जावे. बेंगळुरूची निम्हान्स आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था या सरकारी संस्थांतही हे काम चालते. मिरज जंक्शनवरून पुणे-मुंबई आणि बेंगळुरू अशा दोन्ही दिशांच्या गाड्या असल्याने निवड खुली आहे. तरी मी पुन्हा सांगेन, वर्षातून आठ-दहा वेळा जेथे जाणे झेपेल तेच केंद्र आपले.

पहिल्या भेटीत हे प्रश्न विचारावेत : पार्किन्सनच्या नव्हे, डिस्टोनियाच्या किती शस्त्रक्रिया आपण केल्या, त्यात चेहऱ्याचे किती, प्रोग्रामिंग कोण करणार आणि ती व्यक्ती नोकरी सोडून गेली तर काय, चार्ज होणारी बॅटरी घ्यावी की साधी. चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत.

खर्चाचा मोठा भाग यंत्राच्या किमतीचा असतो आणि एकूण रक्कम लाखांमध्ये जाते, म्हणून लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि त्यात यंत्र, रुग्णालय आणि नंतरचे प्रोग्रामिंग वेगवेगळे दाखवायला सांगावे. साधी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत संपते आणि डिस्टोनियात जास्त शक्तीचे स्पंद लागत असल्याने कधी त्याआधीही. मग छातीतली डबी बदलण्यासाठी छोटी शस्त्रक्रिया करावी लागते. चार्ज होणारी सुरुवातीला महाग पडते, पण पंधरा वर्षांच्या आसपास चालते. ज्यांना नियमाने चार्जिंग करणे जमेल त्यांच्यासाठी मला ती हिशेबाची वाटते.

मदतीसाठी मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि सिद्धिविनायक न्यासासारखी देवस्थाने यांच्याकडे अर्ज करता येतात. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटून त्याची चौकशी करावी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांचे अंदाजपत्रक यांच्या पाच-पाच प्रती तयार ठेवाव्यात. यंत्रावर सूट किंवा मदत मिळेल का, हे दाखल होण्यापूर्वी विचारायचे असते. नंतर विचारल्यास सगळेच हात वर करतात.

सहावी पायरी : शस्त्रक्रियेचे दिवस

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन मिळून ठरवतात. अनेक केंद्रे बोटॉक्सचा परिणाम ओसरल्यावरच शस्त्रक्रिया करतात, म्हणजे मूळ त्रास किती आहे हे मोजता येते. त्या आठवड्यांत त्रास पूर्ण जोरात असतो, तेव्हा सोबतीला माणूस हवे.

शस्त्रक्रियेच्या सकाळी भूल देऊन डोक्याला धातूची चौकट चार स्क्रूंनी बसवतात, सीटी स्कॅन काढतात आणि तो आधीच्या एमआरआयवर जुळवून तारेचा मार्ग आखतात. मग कवटीला कपाळाच्या वर दोन छोटी छिद्रे पाडून बारीक सुईने पेशींचे आवाज ऐकत खाली जातात. जीपीआयच्या तळाशी दृष्टीची वाट आणि बाजूने हातापायांच्या हालचालींची वाट जाते, त्यामुळे एक-दोन मिलिमीटरचा फरक महत्त्वाचा असतो. रुग्ण जागा असेल तर डोळ्यांपुढे काजवे चमकतात का, चेहरा किंवा हात ओढला जातो का, असे विचारतात. डिस्टोनियाच्या रुग्णाला स्थिर पडून राहणे अवघड असल्याने अनेकदा पूर्ण भूल देऊनच हे केले जाते. छातीतली डबी त्याच दिवशी किंवा काही दिवसांनी बसवतात.

धोके लपवू नयेत. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका साधारण शंभरात एक-दोघांना असतो आणि तो क्वचित पक्षाघातापर्यंत जाऊ शकतो. जंतुसंसर्ग त्यापेक्षा जास्त वेळा होतो आणि तसे झाल्यास यंत्र काढावेही लागते. म्हणून जखमेवर हळद, राख, कसलेही तेल लावू नये. हळदीच्या गावात हे सांगणे अवघड आहे हे मला ठाऊक आहे. आमच्या आईने वाटी आणून ठेवलीच होती.

सातवी पायरी : जुळवणीचे वर्ष

येथे मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण लोक येथेच खचतात.

तार बसवल्यावर यंत्र सुरू करण्याआधीच काही रुग्णांना आठवडा-दोन आठवडे चमत्कार वाटावा असा आराम मिळतो. तो तार आत जाताना झालेल्या हलक्या सुजेचा परिणाम असतो आणि ओसरतो. आक्काने चौथ्या दिवशी पेपर वाचला. आम्ही पेढे वाटले. पंधराव्या दिवशी डोळे पूर्ववत मिटले आणि घरात सुतक पडल्यासारखी शांतता पसरली. ही शक्यता आधी ठाऊक असती तर पेढे उशिरा वाटले असते.

काही आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. प्रोग्रामिंग म्हणजे तारेवरच्या कोणत्या संपर्कातून, किती शक्तीचा, किती रुंदीचा आणि किती वेगाचा स्पंद द्यायचा हे ठरवणे. पार्किन्सनच्या कंपात फरक मिनिटांत दिसतो. डिस्टोनियात तसे होत नाही. उडणाऱ्या हालचाली काही दिवस-आठवड्यांत कमी होतात, ताठरलेले आणि ओढून धरलेले स्नायू सैल व्हायला महिने लागतात, आणि पूर्ण फायदा सहा महिने ते वर्षाने कळतो. म्हणून प्रत्येक बदलानंतर काही आठवडे थांबून पाहतात. ‘आज गेलो, काहीच झाले नाही’ हे वाक्य सांगलीला परतताना खंबाटकी घाटात आम्ही तीन वेळा उच्चारले आहे.

प्रत्येक भेटीआधी ठरलेले व्हिडिओ, त्याच खोलीत, त्याच उजेडात घ्यावेत. रोजच्या पाहण्यात सुधारणा लक्षात येत नाही; तीन महिन्यांपूर्वीचा व्हिडिओ शेजारी ठेवला की दिसते. जीभ जड होणे, चालताना पाऊल आखूड पडणे, अक्षर बारीक होणे, चेहरा एका बाजूला ओढला जाणे यांपैकी काही दिसले तर तारीख लिहून ठेवावी. हे स्पंदांचे दुष्परिणाम असू शकतात आणि जुळवणी बदलल्यावर बहुधा कमी होतात. मनःस्थिती एकाएकी बिघडली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करावा. काही रुग्णांना यंत्रासोबत थोडे बोटॉक्स सुरू ठेवावे लागते. ते अपयश नव्हे.

शक्य असेल तर भेटी जुलै-ऑगस्टमध्ये ठेवू नयेत. २०१९ आणि २०२१ चे कृष्णेचे महापूर ज्यांनी पाहिले त्यांना कारण सांगायला नको. चार्जर आणि रुग्णाचा रिमोट मात्र पावसाळाभर वरच्या मजल्यावर ठेवावा, कारण यंत्र अचानक बंद पडले तर डिस्टोनिया एकदम उसळू शकतो आणि क्वचित तो सर्वांगाला पसरून अतिदक्षता विभागात नेण्याची वेळ येते. त्रास एकाएकी परतला तर आधी रिमोटने यंत्र सुरू आहे का आणि बॅटरी किती उरली आहे ते पाहावे, मग केंद्राला कळवावे.

आठवी पायरी : यंत्र घेऊन गावात वावरणे

सर्वांत महत्त्वाचे पथ्य फिजिओथेरपीचे आहे. कंबर किंवा गुडघा दुखतो म्हणून दवाखान्यात यंत्राने खोल शेक देतात, त्याला डायथर्मी म्हणतात. ती शरीराच्या कोणत्याही भागावर घेऊ नये. तिची उष्णता तारेवाटे मेंदूपर्यंत पोचून कायमची इजा किंवा मृत्यूही ओढवू शकतो. साधी गरम पाण्याची पिशवी चालते, पण ‘मशीनचा शेक’ म्हटले की आधी यंत्रासोबत मिळालेले ओळखपत्र दाखवावे. एमआरआय यंत्राच्या प्रकारानुसार ठरावीक अटींवरच होतो, तेव्हा तो केंद्राला विचारल्याशिवाय करू नये. दुसरी कोणती शस्त्रक्रिया किंवा दातांचे काम असेल तर आधी सांगावे. ईसीजीमध्ये स्पंदांची अडगळ दिसते, तीही सांगितलेली बरी.

घरोघरी विकायला येणाऱ्या चुंबकाच्या गाद्या आणि पट्टे नाकारावेत. कुपवाडच्या कारखान्यांत किंवा साखर कारखान्यात वेल्डिंगच्या कामावर असणाऱ्यांनी कामावर परतण्यापूर्वी डॉक्टरांशी सविस्तर बोलावे. देवस्थानांतल्या आणि विमानतळावरच्या धातुशोधक चौकटीतून जाण्याऐवजी ओळखपत्र दाखवून हाताने तपासणी करून घ्यावी. मोबाइल, मिक्सर, टीव्ही यांची अडचण नसते. पहिले दीड-दोन महिने हात डोक्यावर ताणून फडताळातले डबे काढणे, घागर उचलणे, मान झटक्याने वळवणे टाळावे. त्वचेखालची डबी बोटांनी चाचपत बसण्याची सवयही लावून घेऊ नये.

ओळखपत्राच्या दोन झेरॉक्स काढून एक रुग्णाच्या पिशवीत आणि एक घरच्या फ्रीजवर चिकटवून ठेवावी. तिच्या मागच्या बाजूला मराठीत मोठ्या अक्षरांत यंत्राची कंपनी, मॉडेलचा क्रमांक, बसवल्याची तारीख, केंद्राचा फोन आणि ‘डायथर्मी देऊ नये’ एवढे लिहावे. आक्का एकदा दाजींच्या गावी पाय मुरगळून दवाखान्यात गेली, तेव्हा तेथल्या मुलाने शेकाचे यंत्र पुढे ओढले होते. पिशवीतला हा कागद वाचून त्याने ते परत भिंतीशी नेले आणि पायाला साधी पट्टी बांधून दिली.